नौदल दिन प्रदर्शन, ठाणे: पाण्याखालच्या कानांचा सन्मान कसा करावा? (फलक आणि प्रात्यक्षिक)

कोपरीकर (धागाकर्ता)

४ डिसेंबरच्या नौदल दिनानिमित्त नौपाड्यातल्या एका शाळेच्या सभागृहात दोन दिवसांचं छोटं प्रदर्शन ठरलंय. जहाजांची आणि क्षेपणास्त्रांची मॉडेलं सगळीकडेच असतात. या वेळी विषय आहे पाण्याखालची टेहळणी, आणि ती ज्यांच्या डोक्यातून निघाली त्यांचा सन्मान. तीन फूट बाय दोन फुटांचे आठ फलक आणि एका टेबलावर चालतं प्रात्यक्षिक, एवढी जागा आहे. येणार आठवी ते बारावीची मुलं आणि त्यांचे पालक.

फलकांची कच्ची यादी: लांजेव्हँ, अमेरिकेचं सोसस (समुद्रतळावरून पाणबुड्या ऐकणारं जाळं), आपलं अप्सोह सोनार (पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी शोधणारं यंत्र), पाणबुड्या शोधणारं पी-८आय विमान, आयएनएस अर्नाळा.

प्रात्यक्षिकासाठी घरगुती हायड्रोफोन (पाण्याखालचा माइक) करून मासुंदा तलावात सोडावा आणि बोटिंगच्या बोटींचा आवाज सभागृहात ऐकवावा असा विचार आहे. जमेल का? साहित्य काय लागेल?

---

ध्वनिरेषा

यादीत घोळ आहे. लांजेव्हँ माणूस, सोसस यंत्रणा, पी-८आय विकत घेतलेलं विमान, अर्नाळा जहाज. सन्मान कल्पनेचा करायचा असेल तर प्रत्येक फलकावर एवढंच हवं: अडचण काय होती आणि कुठल्या युक्तीने सुटली. विमान काढा. त्याऐवजी सोनोबॉय घ्या. विमानातून टाकलेला तरंगता डबा, त्यातून ठरलेल्या खोलीपर्यंत सुटणारा हायड्रोफोन आणि वर रेडिओ. विमानाला पाण्यात कान मिळाला तो या डब्यामुळे.

माझा क्रम असा असेल.

१८८०: क्युरी बंधूंना दिसलं की क्वार्ट्झ दाबला की त्यावर विद्युतभार येतो. त्यांतल्या पिएरचा विद्यार्थी पॉल लांजेव्हँ. पहिल्या महायुद्धात त्याने क्वार्ट्झचे पातळ तुकडे दोन पोलादी चकत्यांमध्ये बसवले आणि पाण्यात आवाज सोडणारं, परत ऐकणारं साधन केलं. तुमच्या हायड्रोफोनमध्ये लागणारी पिझो चकती (दाबली की वीज देणारी) त्याचीच पणती.

१९३७: 'दुपारचा परिणाम'. अमेरिकी विनाशिका सेम्सचा सोनार सकाळी उत्तम चाले आणि दुपारी जवळची पाणबुडीही हरवे. चालक जेवून सुस्तावतात, असा संशय होता. समुद्रशास्त्रज्ञ कोलंबस आयसलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्याचं तापमान थराथराने मोजलं तेव्हा उलगडलं: दुपारपर्यंत वरचं पाणी एक-दोन अंशांनी तापतं, कोमट पाण्यात आवाज जास्त वेगाने जातो, म्हणून ध्वनिकिरण खाली वाकतात आणि पाणबुडी सावलीत राहते. अ‍ॅथेलस्टन स्पिलहाउसचं बाथिथर्मोग्राफ (खोलीनुसार तापमान नोंदवणारं यंत्र) याच काळातलं. मुलांना सांगायला सोपी उपमा: मे महिन्यात घोडबंदर रोडवर लांब पाणी साचल्यासारखं दिसतं तेच मृगजळ, फक्त उलटं. तिथे खालची हवा तापते आणि उजेड वर वाकतो. इथे वरचं पाणी तापतं आणि आवाज खाली वाकतो.

१९४४: मॉरिस यूइंग आणि वर्झेल यांना खोल समुद्रातली ध्वनिवाहिनी सापडली. रशियात ब्रेखोवस्कीख यांना १९४६ साली ती स्वतंत्रपणे सापडली. खाली जाताना तापमान उतरतं तसा वेग घटतो, आणखी खाली दाबामुळे पुन्हा वाढतो. मधल्या किमान वेगाच्या थरात आवाज अडकतो आणि तळाला न लागता हजारो किलोमीटर जातो. मध्य अक्षांशांत हा थर साधारण १००० मीटरवर असतो. अरबी समुद्रात तो बराच खाली, दीड हजार मीटरच्याही पुढे सापडतो, कारण तांबड्या समुद्रातून आणि इराणच्या आखातातून येणारं उबदार, खारट पाणी मधल्या थरांत पसरतं.

पुढचा टप्पा लोफार, म्हणजे पाण्यातल्या मंद सुरांचं चित्र काढणं. त्यावर जाणकारांनी लिहावं.

---

लघुगणक

वरच्या प्रतिसादाला आकडे जोडतो. हे सूत्र फलकावर छापता येईल:

वेग = १४४९.२ + ४.६ट − ०.०५५ट² + ०.०००२९ट³ + (१.३४ − ०.०१ट)(क्ष − ३५) + ०.०१६ख

ट म्हणजे तापमान अंश सेल्सिअसमध्ये, क्ष म्हणजे दर हजारी क्षारता, ख म्हणजे खोली मीटरमध्ये. उत्तर मीटर प्रति सेकंद.

समुद्राचा पृष्ठभाग, २८ अंश, क्षारता ३५: १५४१.
तलावाचं गोडं पाणी, २८ अंश: १५०४.
१५०० मीटर खोल, ५ अंश: १४९५.

पुस्तकांत 'एका अंशाला तीन-साडेतीन मीटर' असं लिहिलेलं असतं. ते गार पाण्यासाठी. आपल्या २८ अंशांच्या पाण्यात एका अंशाला जेमतेम दोन मीटर पडतात. कोणी मूल सूत्रात आकडे घालून बघणारच, तेव्हा फलकावर तीन छापू नका.

---

ऐरोली_सेक्टर_८

सोसस आणि लोफारबद्दल.

अडचण अशी होती: दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुड्या श्वासनळी लावून पाण्याखालूनच डिझेल चालवू लागल्या, त्यामुळे रडारला दिसेनाशा झाल्या. उपाय आला टेलिफोन कंपनीकडून. बेल प्रयोगशाळेत माणसाच्या बोलण्याचं वारंवारतेनुसार चित्र काढणारं यंत्र होतं. तेच मंद सुरांकडे वळवलं की झाला लोफार. कागदावर आडवी वारंवारता, खाली सरकत जाणारा वेळ. सुई कागद जाळत जाते. गोंगाट सगळीकडे विखुरलेली राख होतो आणि यंत्राचा स्थिर सूर त्याच जागी पडत पडत उभी रेघ होतो. कानाला जे मुळीच ऐकू येत नाही ते डोळ्याला दिसतं. गंमत अशी की ही युक्ती आवाज वाढवत नाही, धीर वाढवते.

१९५२ च्या सुरुवातीला बहामातल्या एल्यूथेरा बेटाजवळ पहिली पूर्ण रांग टाकली: ४० हायड्रोफोन, लांबी १००० फूट, खोली २४० फॅदम, म्हणजे सुमारे ४४० मीटर. लांबीचा आकडा का निवडला ते मुलांकडून काढून घ्या. ३०५ मीटर भागिले ३९ अंतरं, म्हणजे दोन हायड्रोफोनमध्ये ७.८ मीटर. अर्धी तरंगलांबी ७.८ तर पूर्ण १५.६, आणि १५०० भागिले १५.६ म्हणजे सुमारे ९६ हर्ट्झ. पाणबुडीची यंत्रं आणि पाती जिथे गुणगुणतात तो हा पट्टा.

फायदा किती? आजूबाजूचा गोंगाट प्रत्येक हायड्रोफोनला वेगळा, सूर सगळ्यांना सारखा. ४० जणांची बेरीज केली की १० × लॉग ४० = १६ डेसिबल. आवाजाचा रोखही कळतो, साधारण तीन अंशांपर्यंत. पण सरळ रांगेला डावं-उजवं कळत नाही. दुसरी रांग वेगळ्या कोनात असेल तेव्हाच जागा नक्की होते.

मंद सूर का, तेही लिहा. समुद्राचं पाणी १०० किलोहर्ट्झचा आवाज किलोमीटरला तीसेक डेसिबल खातं, १० किलोहर्ट्झचा साधारण एक, आणि १०० हर्ट्झचा सुमारे एक हजारांश. खोल वाहिनी आणि मंद सूर एकत्र आले म्हणून किनाऱ्यावरच्या खोलीत बसून अर्धा महासागर ऐकता आला.

कामाच्या उभारणीतलं घ्यायचं नाव कॅप्टन जोसेफ केली. १९६३ मध्ये थ्रेशर आणि १९६८ मध्ये स्कॉर्पियन या अमेरिकी पाणबुड्या बुडाल्या तेव्हाचे आवाजही या जाळ्याने टिपले. यंत्रणेचं काम १९९१ मध्ये उघड केलं गेलं. त्याआधीच वॉकर नावाच्या अमेरिकी नौसैनिकाच्या हेरगिरीतून सोव्हिएत नौदलाला स्वतःच्या पाणबुड्या किती दूरवर ऐकू जातात ते कळलं होतं, आणि नंतरच्या त्यांच्या पाणबुड्या फारच शांत झाल्या. ही बाजू गाळू नका.

---

कोपरीकर

फलकांचं चित्र पालटलं. धन्यवाद. पी-८आय काढलं, सोनोबॉय घेतला. अप्सोह आणि भारतीय भागावर कोणी लिहील का? आणि हायड्रोफोन?

---

ट्रॉम्बे_पलीकडे

भारतीय भाग ९ डिसेंबर १९७१ पासून सुरू करावा लागतो. दीवसमोर खुकरी आणि किरपाण या आपल्या युद्धनौका पाणबुडीच्या शोधात होत्या. हँगोर या फ्रेंच बनावटीच्या पाकिस्तानी पाणबुडीने खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीला जहाज जितक्या लांबून ऐकू येत होतं तितक्या लांबून जहाजाला पाणबुडी सापडत नव्हती, हे दुखणं.

फलकावर एक नाव हवंच: लेफ्टनंट व्ही. के. जैन. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ते सोनारचा पल्ला वाढवण्याच्या पद्धतीवर काम करत होते. ते उपकरण खुकरीवर बसवलं होतं आणि ते स्वतः जहाजावर होते. वेग कमी ठेवला की स्वतःच्या पात्यांचा आणि कापत्या पाण्याचा गोंगाट घटतो, सोनारला जास्त ऐकू येतं. पण हळू चालणारं जहाज पाणबुडीला सोपं लक्ष्य. हा तिढा चार ओळींत मांडा, दोष कोणाला देऊ नका.

युद्धानंतर आरोग्यस्वामी पॉलराज. पंधराव्या वर्षी खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल, दिल्लीच्या आयआयटीतून पीएचडी. आधी त्यांनी जुन्या ब्रिटिश १७०बी सोनारमध्ये सुधारणा केली, मग कोचीच्या नौदल भौतिकी आणि सागरविज्ञान प्रयोगशाळेत अप्सोहचं नेतृत्व केलं. १९८३ मध्ये अप्सोह आरमारात आलं. उत्पादन भारत इलेक्ट्रॉनिक्सचं. त्याची पुढची पिढी हमसा. पाणबुड्यांसाठी उशस, हेलिकॉप्टरमधून बुडवायचं मिहिर, उथळ पाण्यासाठी अभय.

पालकांना थांबवणारी ओळ: हेच पॉलराज पुढे स्टॅनफर्डला गेले आणि अनेक अँटेनांची मिमो पद्धत त्यांनी मांडली. ती आज वायफाय आणि ४जी फोनमध्ये आहे. अनेक हायड्रोफोनांतून एक सूर वेगळा काढणं आणि अनेक अँटेनांतून एक संदेश वेगळा काढणं, गणित सख्ख्या भावंडांचं. २०१० मध्ये पद्मभूषण, २०१४ मध्ये मार्कोनी पुरस्कार.

---

सोल्डर_आणि_चहा

आता हायड्रोफोन. साहित्य (एका नगासाठी):

२७ मिमी पितळी पिझो चकत्या २
जाळीदार वेष्टनाची ऑडिओ केबल ५ मीटर
३२ मिमी पीव्हीसी पाइपाचा ६ सेंमी तुकडा आणि एक टोपी
सायकलच्या ट्यूबचा तुकडा, दोन स्टीलचे क्लॅम्प
एरंडेल तेल साधारण ५० मिली
टीएल०७२ चिप, ९ व्होल्टची बॅटरी, १ मेगाओहम, १०० किलोओहम (३), १० किलोओहम, १ किलोओहम, १० मायक्रोफॅरडचे तीन कपॅसिटर, १एन४१४८ डायोड २

चकत्या पाठीला पाठ लावून समांतर जोडा, पितळी बाजू केबलच्या जाळीला, पांढरी बाजू मधल्या तारेला. असं केलं की केबलला बसणारा धक्का एका चकतीत अधिक आणि दुसरीत उणे होऊन बराचसा कापला जातो, पाण्याचा दाब मात्र दोन्हींत सारखा उमटतो. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न दोन सेकंदांच्या वर टेकवू नका. चकती जास्त तापली की तिचं ध्रुवीकरण जातं आणि ती दिसायला धडधाकट, ऐकायला ठार बहिरी होते.

तेल एरंडेलच का? त्यातला ध्वनीचा वेग आणि घनता पाण्याच्या जवळपास आहे, म्हणून आवाज सीमेवर परत फिरत नाही. शिवाय वीज वाहत नाही. भरण्याआधी तेल कोमट करून तासभर ठेवा, बुडबुडे वर येऊ द्या. ट्यूब चढवताना सगळं तेलात बुडवूनच चढवा. मटारएवढा बुडबुडा आत राहिला तरी तो उशीसारखा दबतो आणि अर्धा आवाज पितो. बरेच घरगुती हायड्रोफोन इथेच फसतात.

केबल टोपीतून जाते ती जागा सिलिकॉनने बंद करा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातलं आम्ल तांबं खातं, आठवड्याभरात जोड हिरवा पडतो. बिनवासाचं घ्या.

आता सर्किट. १०० किलोओहमचे दोन रोध बॅटरीच्या दोन टोकांमध्ये, मधला बिंदू ४.५ व्होल्ट. त्याच्यापासून बॅटरीच्या उणे टोकाला १० मायक्रोफॅरड. केबलची जाळी मध्यबिंदूला. मधली तार १० किलोओहममधून चिपच्या अधिक पायाला, तिथून १ मेगाओहम मध्यबिंदूला. दोन डायोड त्या पायापासून बॅटरीच्या दोन टोकांना, उलट्या दिशेने. हायड्रोफोन टेबलावर आपटला तर चकती दहा-वीस व्होल्ट सहज फेकते, ते डायोड पितात. उणे पाय आणि निर्गम यांत १०० किलोओहम. उणे पायापासून १ किलोओहम आणि १० मायक्रोफॅरड एकापाठोपाठ मध्यबिंदूला. वर्धन १०१, म्हणजे ४० डेसिबल, आणि १६ हर्ट्झच्या खालचं आपोआप कापलं जातं. निर्गमाला तिसरा १० मायक्रोफॅरड, मग लॅपटॉप.

चकती थेट लॅपटॉपच्या माइकला जोडू नका. दोन चकत्या मिळून सुमारे ४० नॅनोफॅरड. माइकच्या खाचेचा रोध दोनेक किलोओहम धरला तर २००० हर्ट्झच्या खालचं घसरत जातं. १ मेगाओहमला तोच कोपरा ४ हर्ट्झवर येतो. 'हायड्रोफोनला फक्त टकटक ऐकू येते' ही तक्रार याच कारणाने येते.

---

ध्वनिरेषा

सर्किट बरोबर. एक भर: लॅपटॉपमधलं गोंगाट-निवारण आणि आपोआप आवाज वाढवणारी सोय दोन्ही बंद करा. गोंगाट-निवारण सतत चालणारा स्थिर सूर 'पंखा' समजून पुसून टाकतं. आपल्याला हवा तो नेमका तोच. लोफार दाखवायला बसायचं आणि सॉफ्टवेअरने पाणबुडी धुऊन काढायची, असा प्रकार.

ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नमुनादर (सेकंदाला किती वेळा आवाज मोजायचा) ८०००, स्पेक्ट्रोग्रॅम दृश्य (वारंवारतेचं चित्र), खिडकी (एका वेळी घ्यायचे नमुने) ४०९६. म्हणजे एक कप्पा साधारण २ हर्ट्झचा. वरची मर्यादा ५०० हर्ट्झ ठेवा, नाहीतर रेघा तळाला चिकटून दिसतात.

आणि ५० हर्ट्झची रेघ दिसली की टाळ्या वाजवू नका. ती महावितरणची आहे. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर चालवा. १०० आणि १५० वरच्या रेघांसकट गेली तर वीजवाहिनी, राहिली तर खरा स्रोत. १९९१ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ वॉल्टर मंक यांच्या, दक्षिण हिंदी महासागरातल्या हर्ड बेटाजवळच्या प्रयोगात सूर मुद्दाम ५७ हर्ट्झचा घेतला होता, ५० आणि ६० दोन्ही चुकवायला. तो सुमारे १८,००० किलोमीटरवरही ऐकला गेला. हा किस्सा टेबलाजवळ चिकटवा.

---

खारफुटी

मासुंद्यात किंवा उपवनला काही सोडायचं तर आधी महापालिकेची लेखी परवानगी, आणि बोटिंगच्या ठेकेदाराशी बोलून घ्या. केबल पात्यात गेली तर दोघांचं नुकसान.

ठाणे खाडीचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर सोडून द्या. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधला पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. उरणकडे बंदर आणि नौदलाचा परिसर. तिथे पाण्यात यंत्र सोडणं म्हणजे आपणहून चौकशी ओढवून घेणं.

---

लघुगणक

परवानगी मिळाली तरी तलावातून अपेक्षेप्रमाणे रेघा मिळणार नाहीत. कारण गणिती आहे.

पाणी उथळ असलं की ठरावीक वारंवारतेखालचा आवाज त्यात पसरतच नाही. तळ कडक धरला तर ती मर्यादा म्हणजे वेग भागिले चार पट खोली. ३ मीटर खोलीला १५०४ भागिले १२, म्हणजे १२५ हर्ट्झ. तळाला गाळ असेल तर मर्यादा आणखी वर. पॅडल बोटीची पाती सेकंदाला दोन-चार वेळा पाणी मारतात, तो मंद ठेका वीस मीटरवर पोचणारच नाही. पोचेल फक्त खळखळाट.

मुंबईसमोर खंडमंच (किनाऱ्यालगतचा बुडालेला सपाट भूभाग) सुमारे ३०० किलोमीटर रुंद आणि उथळ आहे. खोल वाहिनीची जादू तिथे नाही, आवाज पृष्ठभाग आणि तळ यांमध्ये आपटत जातो आणि प्रत्येक आपटीला क्षीण होतो. म्हणून उथळ पाण्यासाठी वेगळी जहाजं. तुमच्या यादीतल्या अर्नाळाचं नाव वसईजवळच्या किल्ल्यावरून आहे, १८ जून २०२५ ला विशाखापट्टणमला ती नौदलात दाखल झाली, अशा १६ नौकांतली पहिली. पात्यांऐवजी जलझोताने चालते. त्या फलकावर ही खोलीची अडचण लिहा, नुसता फोटो नको.

---

कोपरीकर

मग निळ्या २०० लिटरच्या ड्रममध्ये खेळण्याची मोटर-पंखा लावला तर?

---

लघुगणक

चालेल, पण ड्रम हाही समुद्र नाही. पातळ प्लॅस्टिकच्या भिंतीबाहेर हवा, म्हणून भिंतीवर दाब शून्य. ५७ सेंमी व्यास, ८५ सेंमी पाणी धरलं तर पहिला अनुनाद सुमारे २२०० हर्ट्झला येतो. त्याखालचं काहीही ड्रममध्ये 'प्रवास' करत नाही, स्रोताजवळच विरतं. हायड्रोफोन पंख्यापासून १० ते १५ सेंमीवर ठेवा, रेघा स्वच्छ दिसतील. अर्ध्या मीटरवर नेला की गायब. दोन्ही करून दाखवा.

---

ध्वनिरेषा

याच अडचणीवर डेमन नावाची युक्ती आहे आणि ती प्रात्यक्षिकाचा कळस ठरेल. पाती पाण्यात बुडबुडे फोडतात, त्याचा फसफसाट हजारो हर्ट्झवर असतो आणि उथळ पाण्यातही पोचतो. तो फसफसाट पात्यांच्या ठेक्यावर लहान-मोठा होतो. म्हणून:

नमुनादर ४८,००० वर एक मिनिट ध्वनिमुद्रण.
५ ते १५ किलोहर्ट्झचा पट्टा गाळून घ्या.
त्याचं वेष्टन, म्हणजे आवाज किती लहान-मोठा होतो ती रेषा, काढा (पायथॉनमध्ये सायपायचं हिल्बर्ट फल, मग निरपेक्ष मूल्य).
वेष्टनाची सरासरी वजा करा. हे विसरलात तर शून्यावर भलामोठा सुळका येतो आणि बाकी सगळं सपाट दिसतं.
२०० हर्ट्झखालचं ठेवून फूरिए रूपांतर (कोणती वारंवारता किती ते यातून दिसतं).

तीन पात्यांचा पंखा मिनिटाला १८०० फेरे फिरत असेल तर ३० हर्ट्झला दांड्याची रेघ आणि ९० ला पात्यांची. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे पात्यांची संख्या. ड्रमकडे पाठ करून मुलाने 'तीन पाती' सांगितलं की पालक फोन खिशात ठेवतील.

पंखा पृष्ठभागाखाली ३-४ सेंमीच ठेवा, थोडी हवा खेचू द्या, नाहीतर छोट्या पंख्याचा फसफसाट पुरत नाही. वेग बदलायला पीडब्ल्यूएम पट्टी (मोटरची वीज झटपट चालू-बंद करणारी) वापरू नका, तिची स्वतःची वारंवारता चित्रात शिरते. बॅटरीचे सेल दोन, तीन, चार असे बदला. मत्स्यालयातला कंप पावणारा पंपही नको, तो ५० हर्ट्झवरच थरथरतो आणि वरची महावितरणची परीक्षा फुकट जाते.

---

विटावा_फाटा

रोख काढून दाखवता येईल का? दोन हायड्रोफोन?

---

सोल्डर_आणि_चहा

ड्रममध्ये नाही. कुठल्या तरी सोसायटीच्या तरणतलावात आधी मुद्रण करून आणा, पंप बंद करून. दोन हायड्रोफोन एका काठीला १ मीटर अंतरावर, ६० सेंमी खोल. पाण्याखाली दोन दगड एकमेकांवर आपटा. सतत वाजणारा सूर घेऊ नका. कोणता तरंग कोणाचा ते कळत नाही आणि चार-पाच उत्तरं निघतात.

४८,००० नमुनादराला १ मीटर म्हणजे ३२ नमुने. फरक १६ नमुन्यांचा आला तर १६ भागिले ३२, अर्धा, म्हणजे काठीशी काटकोनात असलेल्या रेषेपासून ३० अंश. पहिलाच सुळका मोजा. पाच मीटरवरून आलेला आवाज पृष्ठभागावर आपटून साडेचार नमुन्यांनी मागून येतो, तोही उलटा.

बाजारातल्या स्वस्त यूएसबी साउंड कार्डांची माइक-खाच एकाच वाहिनीची असते, वर 'स्टिरिओ' लिहिलेलं असलं तरी. दोन कार्डं लावलीत तर दोघांची घड्याळं वेगळी, आणि आपण तर सेकंदाचा जवळपास पन्नास हजारावा भाग मोजतोय. दोन वाहिन्यांचं लाइन-इन असलेलंच घ्या.

---

विटावा_फाटा

समजलं. फलकांत एक सुचवू? १५ नोव्हेंबर २०१७ ला अर्जेंटिनाची सान हुआन पाणबुडी हरवली. अणुचाचणीबंदी करारासाठी बसवलेल्या असेन्शन आणि क्रोझे या बेटांजवळच्या हायड्रोफोनांनी त्या वेळचा आवाज टिपला होता, सहा ते आठ हजार किलोमीटरवरून. आवाजाला असेन्शनपर्यंत यायला तासाभराहून जास्त लागला असणार. वर्षभराने ती ९०७ मीटर खोल सापडली. यूइंगच्या वाहिनीचा याहून स्पष्ट पुरावा मुलांना दुसरा कुठला द्यायचा?

---

ट्रॉम्बे_पलीकडे

+१. आणि ड्रमला कोणी 'खेळणं' म्हटलं तर सांगा, कोचीची प्रयोगशाळाही सोनारच्या चाचण्या इडुक्कीच्या जलाशयात करते, गोड्या पाण्यात, डोंगरात. तिथे स्पेस नावाचं नवं तरंगतं व्यासपीठ २०२४ मध्ये सुरू झालं.

डेसिबलबाबत सावध राहा. पाण्यातला आणि हवेतला आकडा शेजारी छापू नका. संदर्भदाब वेगळा, त्याचेच २६ डेसिबल. पाण्याच्या रोधाचे आणखी ३६. '१८० डेसिबल म्हणजे डीजेपेक्षा मोठा' असं लिहिलंत की पहिला अभियंता पालक तिथेच थांबवेल. तुमचा हायड्रोफोन प्रमाणित नाही, म्हणून पडद्यावर फक्त 'सापेक्ष डेसिबल'.

---

कोपरीकर

ठरलं ते असं. फलक: १) क्युरी ते लांजेव्हँ, २) दुपारचा परिणाम, सूत्रासह, ३) ध्वनिवाहिनी आणि सान हुआन, ४) लोफार आणि ४० हायड्रोफोनांची रांग, ५) सोनोबॉय, ६) खुकरी आणि लेफ्टनंट जैन, ७) पॉलराज, अप्सोह ते मिमो, ८) उथळ समुद्र आणि अर्नाळा. टेबलावर ड्रम, तीन आणि दोन पात्यांचे दोन पंखे, डेमनचा आलेख. तलाव रद्द. तरणतलावाचं मुद्रण पुढच्या रविवारी.

एक शंका: सभागृहात ड्रम आदल्या संध्याकाळी भरायचा की सकाळी?

---

सोल्डर_आणि_चहा

आदल्या संध्याकाळी. नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेली हवा असते, ती बारीक बुडबुड्यांनी ड्रमच्या भिंतीला आणि हायड्रोफोनच्या ट्यूबला चिकटते आणि आवाज मारते. रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी ट्यूबवरून बोट फिरवून उरलेले पुसा. बोटाला साबणाचा एक थेंब लावला तर पुन्हा चिकटत नाहीत. आणि भरलेला ड्रम दोनशे किलोच्या वर जातो, तेव्हा तो टेबलावर नको, जमिनीवर.